माळ्यावरचे बांबू

परवा रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गेटपाशी भंगारवाला आमच्या सोसायटीचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर काट्यावर चढवत होता. पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा डबा, खाली चार चाकं, पुढे ती उभी नळी जिच्यात छोटा गोळा वरखाली व्हायचा. एक चाक अडकलं होतं म्हणून डबा काट्यावर नीट बसेना, तर त्याने ते चाक पक्कडीने उपटलंच आणि बाजूला टाकलं. मला बघून म्हणाला, "मॅडम, मशीन चालू आहे का बंद? कॉम्प्रेसर चालू असेल तर वेगळा रेट लावतो, आत तांबं असतं." मी म्हटलं मला नाही माहिती. सेक्रेटरी शेजारीच उभे होते, हातात ती नेहमीची डायरी. स्टिल्टमधली खोली रिकामी करायचीये, पार्सलवाल्यांसाठी रॅक बसवायचाय, मीटिंगमध्ये ठरलंय, असं त्यांनी मी काही न विचारताच सांगून टाकलं. मशीनशेजारी एक पोतं होतं, त्यात फेस शील्ड, कपाळाला धरायची ती थर्मामीटर गन आणि सॅनिटायझरचा एक अर्धा कॅन, ज्याला अजून वास येत होता. तो वास नाकात गेला आणि पोटात गोळाच आला एकदम.

ते मशीन घेतलं एप्रिल २०२१ मध्ये. सिंहगड रोडवर दिवसरात्र सायरन वाजत असायचे तेव्हाची गोष्ट. कोणाच्या तरी भाच्याच्या मित्राकडून, दुप्पट भावाने, बिल नाही काही नाही. गणपतीची वर्गणी द्यायला वर्षानुवर्षं खळखळ करणाऱ्यांनी सुद्धा रात्री अकरा वाजता जीपे केलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना ते लागलं. आम्ही बरोबर त्यांच्या वर राहतो, त्यामुळे मला रात्रभर ऐकू यायचं, सतत घरघर आणि मध्येच फुस्स करून हवा सोडल्यासारखं, परत घरघर. जाग आली की तो फुस्स ऐकू येईपर्यंत मी थांबायचे आणि मग कूस बदलायचे. काका वाचले. त्यांच्यानंतर ते मशीन शेजारच्या विंगमध्ये गेलं, तिथे नाही उपयोग झाला.

तर हे काका परवा तिथेच होते, मॉर्निंग वॉकवरून आलेले, टोपी काखेत. मी त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे मला वाटलं हे तरी काही बोलतील. ते म्हणाले, "द्या हो देऊन एकदाचं. रोज येताजाता दिसतं मला ते."

त्यावर काय बोलणार.

घरी येऊन दूध तापवताना मी स्वतःलाच समजावत होते की ठेवून तरी काय केलं असतं. त्या मशीनच्या आत झिओलाइटचे खडे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. मशीन वापराविना पडून राहिलं की खडे दमट होतात आणि मग डबा नुसताच आवाज करतो. म्हणजे ते चांगलं ठेवायचं तर कोणीतरी मध्येमध्ये चालवायला हवं, फिल्टर धुवायला हवा, चावी कोणाकडे ते ठरवायला हवं. चार वर्षांत हे कोणीच केलं नाही, आणि कोणी केलं असतं तर आम्हीच त्याला रिकामटेकडा म्हणालो असतो. तरी दिवसभर ते चाक उपटल्याचा आवाज काही डोक्यातून जाईना.

आणि मग संध्याकाळी कधीतरी आजीच्या माहेरचे बांबू आठवले.

आजीचं माहेर कसब्यात. प्लेगची गोष्ट तिने स्वतः पाहिलेली नव्हती, तिच्या आईकडून ऐकलेली, पण सांगायची अशी की जणू कालच घडलंय. १८९७ सालचं आपल्याला पाठ असतं सगळं, रँड, गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घेतायत, २२ जूनची ती रात्र, चापेकर. शाळेत तेवढंच शिकवतात, साथ आपली मागे कुठेतरी राहते. आजीच्या गोष्टीत मात्र रँड कधीच नसायचा, उंदीर असायचे. साथ एका वर्षात गेली नाही, पुढे कितीतरी हिवाळे परत परत येत राहिली, आणि प्रत्येक वेळी पहिली बातमी उंदीर आणायचे. उंदीर पडायला लागले की समजायचं. आढ्यावरून एखादा उंदीर अंगणात पडायचा, जिवंतच, पण पळायचा नाही, झिंगल्यासारखा गोल गोल फिरायचा. पोरांना ओरडून आत घ्यायचे. कोणीतरी लांब चिमट्याने तो उचलून रॉकेल टाकून जाळायचं, आणि त्याच दिवशी बांधाबांध सुरू. एरंडवण्याकडे तेव्हा नुसती शेतं, तिकडे माळावर झोपडी टाकून राहायचं, उंदीर पडायचे थांबेपर्यंत.

त्या झोपडीचे बांबू आणि तट्टे घराच्या माळ्यावर ठेवलेले असायचे. हे मला फार आवडायचं ऐकायला. दर दिवाळीनंतर आजीचे आजोबा ते सगळं खाली काढायचे, वाळवी लागलीये का बघायचे, सुंभ कुजलं असेल तर नवीन वळायचे, आणि परत वर. आजीच्या लहानपणी बऱ्याच वर्षांत प्लेग आलेला नव्हता तरी हा उद्योग चालू होता, घरातल्या बायका वैतागायच्या कारण माळ्यावर मग सरपणाला जागा उरायची नाही. शेवटी आजोबा गेले आणि ते बांबू आजीच्या लग्नात मांडवाला लागले. आजी हे सांगताना हसायची. मी पण हसायचे. एवढी माया ज्या गोष्टीवर केली ती एका दिवसाच्या मांडवात खपली, आणि ते चांगलंच झालं की, दुसऱ्या कशाला लागली असती म्हणता.

पुण्याचं म्हणजे कसंय, साथीच्या बाबतीत आपलं गाव जगात कोणापुढे मान खाली घालायला नको. १९५२ मध्ये कॅम्पाजवळ व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, तेच पुढे एनआयव्ही, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी. शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा, १९५७ मध्ये, इथल्याच लोकांनी जाऊन क्यासनूरचा विषाणू शोधला. म्हणजे परत तेच बघा, आधी जनावर पडलं आणि कोणीतरी ते मनावर घेतलं. आता पाषाणला सगळ्यात घातक विषाणूंसाठीची बीएसएल-फोर लॅब आहे, अंतराळवीरासारखे सूट घालून आत जातात म्हणे. २०२० च्या मार्चमध्ये कोविडचं पहिलं देशी टेस्ट किट आपल्याकडच्या मायलॅब कंपनीत मीनल दाखवे भोसलेंच्या टीमने केलं, आणि त्या स्वतः तेव्हा अगदी दिवस भरत आलेल्या होत्या. आणि हडपसर. ज्या हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा यशवंतराव यांचा दवाखाना होता, जिथे त्या मुंढव्याहून प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन गेल्या आणि १० मार्च १८९७ ला स्वतःच गेल्या, त्याच हडपसरात लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे. मी तिकडून जाताना दर वेळी हा विचार करते आणि दर वेळी मगरपट्ट्याच्या सिग्नलला तो विसरते.

एवढं सगळं असून २००९ मध्ये काय झालं आठवतंय ना. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, ऑगस्टचे पहिले दिवस. दोन दिवसांत अख्खं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. पुण्यातल्या पोरींना स्कार्फची सवय होतीच, त्यामुळे आमचं विशेष काही बिघडलं नाही, पुरुषांची मात्र फार पंचाईत झाली. नायडू हॉस्पिटलबाहेर ती लाइन, पावसात, छत्र्या घेऊन, आणि खोकणाऱ्याकडे सगळे वळून बघणार. आमच्या शेजारच्या वहिनींनी कापूर आणि वेलचीच्या पुरचुंड्या करून बिल्डिंगभर वाटल्या होत्या, त्या ब्लाउजला पिनने लावून मी ऑफिसला जायचे. अजूनही देवापुढे कापूर लावला की मला पीएमटीच्या खिडकीतला पाऊस आठवतो. आणि दसऱ्यापर्यंत तर आम्ही विसरलो पण होतो सगळं.

विसरण्याबद्दल मी तक्रार करत नाहीये. काकांनी रोज येताजाता ते मशीन का बघावं? सीओईपीच्या मैदानावर २०२० च्या ऑगस्टमध्ये ८०० खाटांचं जंबो कोविड हॉस्पिटल उभं राहिलं होतं. त्या बाजूने जाताना मीही मान वळवते, तिथे आमच्या नात्यातलं एक माणूस होतं. विसरल्याशिवाय माणूस परत लग्नाच्या पंक्तीत मांडीला मांडी लावून बसू शकत नाही. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा, की आठवण ठेवायचं काम आपण ज्यांना पगार देऊन सांगितलंय त्यांनीही आपल्याबरोबरच विसरून जावं. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या नोटिशींवर कायदा कुठला होता, तर १८९७ चा. तोच, रँडच्या वेळचा, चार कलमांचा. सव्वाशे वर्षं तो माळ्यावर होता. पण खाली काढून वाळवी बघणारं कोणी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल हे आपल्याकडचं झालं, बाहेर सगळं शिस्तीत असतं. अजिबात नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे अगदी उंबरठ्यावर, एक मोठी जागतिक यादी निघाली होती, साथीला तोंड द्यायला कोण किती तयार आहे त्याची. १९५ देश. पहिला नंबर अमेरिका, दुसरा ब्रिटन. पुढच्या वर्षी तिथे काय झालं ते आपण रोज टीव्हीवर बघत होतो. यादी करणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत मला, लॅब किती, तज्ज्ञ किती, कायदे कुठले हे सगळं त्यांनी बरोबरच मोजलं असणार. पण सांगणाऱ्याचं ऐकतं कोण, हे कुठल्या रकान्यात मोजायचं?

आणि जो आधी सांगतो त्याचं काय होतं हे बघितलं तर सांगायची हिंमतच होऊ नये. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखला आणि लगेच जगाला सांगितलं. बक्षीस म्हणून दोन-तीन दिवसांत सगळ्यांनी त्यांची विमानं बंद केली. त्याच्या आधी, २००७ मध्ये, इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायलाच नकार दिला होता, की आमच्या माणसांचे विषाणू तुम्ही फुकट नेणार, त्यावर लस करणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही. तेव्हा सगळे त्यांच्यावर चिडले होते. मला विचाराल तर त्यांचं काय चुकलं?

हा जो तिढा आहे ना, नमुना कोणी द्यायचा आणि लस कोणाला मिळायची, त्याच्यावरच जिनिव्हात तीन वर्षं घासाघीस चालली होती. शेवटी २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत महासाथीचा करार मंजूर झाला. अमेरिका त्याच्या आधीच संघटनेतून निघायची घोषणा करून मोकळी. करारात लिहिलंय की साथ आली की या व्यवस्थेत सामील झालेल्या लस-औषधं बनवणाऱ्यांनी होणाऱ्या मालातला २० टक्के भाग संघटनेला द्यायचा, त्यातला निदान १० टक्के फुकट आणि बाकीचा परवडेल अशा भावात. ऐकायला फार छान. फक्त नमुन्यांच्या बदल्यात हे देणंघेणं नेमकं कसं चालणार ते परिशिष्ट करार मंजूर झाला तेव्हा तयार नव्हतं, ते पुढे बसून ठरवायचं म्हणून ठेवून दिलं. आपल्याकडे लग्न ठरतं आणि मानपान नंतर बघू म्हणतात, तेव्हा जे होतं ते सगळ्यांना माहितीये.

मी या बातम्या वाचताना मान हलवत होते, श्रीमंत देश असेच, हावरट. आणि मग भाच्याचा वेल्ह्याचा किस्सा आठवला आणि मान हलवायची थांबले.

मे २०२१. अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना लस सुरू झाली होती आणि पुण्यात स्लॉट मिळायचा नाही. लशीच्या नोंदणीचं ते कोविनचं पान उघडून बसायचं, संध्याकाळी अमुक वाजता स्लॉट पडणार असं ग्रुपवर यायचं, पडायचे पण, हिरवा आकडा दिसायचा, बोट टेकवेपर्यंत लाल. ज्या गावात कारखान्यातून रोज लशींचे ट्रक निघत होते त्याच गावात आम्ही ओटीपीची वाट बघत होतो. भाचा आयटीतला, त्याने काहीतरी कोड लिहून अलर्ट लावला आणि त्याला वेल्ह्यातल्या एका केंद्रावर स्लॉट मिळाला. मित्रांना घेऊन कारने गेला, येताना मस्त घाटात फोटो काढले. तिथे केंद्राच्या बाहेर गावातली माणसं उभी होती, त्यांच्याकडे ना तसे फोन ना रेंज, आणि आतमध्ये सगळी नावं कोथरूड, बाणेर, वाकड. एक म्हातारी नर्सला म्हणाली म्हणे, "आमच्या गावात लस आली आन् आमालाच न्हाई?" भाचा हे हसत सांगत होता, मग सांगता सांगता त्याचं हसू कमी झालं. मुळशीत, भोरला, सगळीकडे तेव्हा हेच चाललं होतं, पुढे स्थानिकांसाठी वेगळं काहीतरी करावं लागलं. मी त्याला काही बोलले नाही, कारण तो लस घेऊन आला म्हणून त्याच्या आईइतकाच मलाही आनंद झाला होता.

आणि त्याच महिन्यांत आपल्या सरकारने लशींची निर्यात थांबवली होती. इथे माणसं मरत होती, दुसरं काय करणार होते, मी तेव्हा म्हटलं बरं झालं. पण कोव्हॅक्स नावाची जी योजना होती गरीब देशांसाठी, ती बरीचशी हडपसरच्या भरवशावर उभी होती. आफ्रिकेतली कितीतरी नर्सबाई दुसऱ्या डोससाठी महिनोन्महिने थांबली असेल ती आपल्यामुळे. त्या वेल्ह्याच्या म्हातारीला जर जिनिव्हात खुर्ची दिली असती तर ती काय वेगळं बोलली असती?

असो. मोठ्या गोष्टी झाल्या. मला खरं सांगायचंय ते पाण्याचं.

२०२५ च्या जानेवारीत जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, आलं ते आमच्या दारातच आलं. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, सगळा सिंहगड रोडचा पट्टा. आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी पायात मुंग्या, मग पायच उचलत नाहीत. म्हणजे शरीराची स्वतःचीच फौज उलटून नसांवर जाते. सहसा कुठे एखादी केस दिसणारा आजार, आणि इथे मोठ्या हॉस्पिटलांमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एका भागातून एकदम इतके पेशंट कसे. त्यांनी कळवलं, नमुने एनआयव्हीला गेले, कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, नोरोव्हायरस सापडला. पुढे आकडा दोनशेच्या वर गेला. ही गावं महापालिकेत येऊन फार वर्षं झाली नव्हती, टॉवर उभे राहिले होते पण पिण्याचं पाणी विहिरीतून येत होतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, इथे विहीर होती, तिच्यात नीट क्लोरिन पडतंय का ते बघायचं राहिलं होतं.

त्या दिवसांत आमच्याकडे आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या होत्या. सुनीताताई म्हणू त्यांना. गुलाबी कोट, खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. वॉचमनने त्यांना अर्धा तास खालीच उभं केलं कारण ॲपवर कोणी अप्रूव्ह करेना. मी ऑफिसातून येत होते म्हणून त्या माझ्याबरोबर आत आल्या. पिशवीतून छोटी काचेची नळी काढली, आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी खुणेपर्यंत भरलं, ड्रॉपरने थेंब टाकले, बुचावर अंगठा दाबून नळी उलटीसुलटी केली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. याला ओटी टेस्ट म्हणतात. पाण्यात क्लोरिन असेल तर पिवळं दिसायला हवं. मी डोळे बारीक करून बघत होते, मला पिवळं दिसलं, म्हणजे दिसावंसं वाटत होतं म्हणून दिसलं असेल. त्या म्हणाल्या, "न्हाई ताई, हे नुस्तं लायटीचं पिवळं हाय." मग त्यांनी नळीमागे रजिस्टरचा कोरा कागद धरला, आणि पाणी पाण्यासारखंच होतं. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, किती टाकायची ते त्यांनी सेक्रेटरींना लिहून दिलं, घरात जुलाब कोणाला झालेत का विचारलं, लिहून घेतलं आणि पाणी उकळून प्या म्हणून निघाल्या. चहा नको म्हणाल्या, अजून दोन सोसायट्या बाकी होत्या.

त्यांचं ते लिहून घेणं कुठे जातं हे मी त्यांना जिन्यात विचारलं होतं. गावाकडे उपकेंद्रातून एस फॉर्म, डॉक्टरकडून पी फॉर्म, लॅबकडून एल फॉर्म, असं सगळं वर जायचं, आता मोबाइलवर भरतात. ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. बहुतेक वेळा तेच ते आकडे. कोणी वाचतं का, मी विचारलं. "वाचत आस्तील की," त्या म्हणाल्या, "आकडा न्हाई भरला तर लगेच फोन येतो, आकडा वाढला तर येतो का न्हाई ते म्हाईत न्हाई." मी हे वाक्य घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

या आशाताईंना, म्हणजे देशातल्या सगळ्याच आशांना, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लोबल हेल्थ लीडर म्हणून गौरवलं. आणि २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर बसल्या होत्या. जिनिव्हातल्या करारावर जी पानंच्या पानं लिहिली जातात त्यातलं पाळत, वेळीच ओळखणं, तातडीने कळवणं, हे सगळं शेवटी सुनीताताई आमच्या गेटवर अर्धा तास उभ्या राहायला तयार आहेत का, इथे येऊन थांबतं. त्या कंटाळल्या तर बीएसएल-फोर लॅबमध्ये पोचायला नमुनाच नसेल. आणि त्या गेल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर काय चर्चा झाली सांगू? पाण्याचं नाही. एकाने लिहिलं की ही टेस्टची गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका, रिसेलचे रेट पडतील. खाली नऊ जणांनी अंगठे दिले होते.

इंडोनेशिया काय आणि आमची सी विंग काय!

सगळीकडे असंच होतं असंही नाही म्हणा. २०२१ च्या जुलैमध्ये, कोविडशिवाय कोणाला काही दिसत नव्हतं तेव्हा, पुरंदरमधल्या बेलसर नावाच्या गावात तापाचे पेशंट वाढले. त्या काळात ताप म्हणजे कोविड असं धरून कोणीही सोडून दिलं असतं. पण कोणीतरी सोडून दिलं नाही. काही नमुने एनआयव्हीला गेले, त्यात चिकनगुनिया निघाला. मग एनआयव्हीची माणसं स्वतः गावात आली, अजून ४१ नमुने घेतले. २५ चिकनगुनिया, ३ डेंग्यू आणि एक झिका, महाराष्ट्रातला पहिला. ती बाई बरीही झाली होती तोवर. मग घरोघर पाण्याची भांडी उपडी करणं, धूर, तपासण्या, आणि साथ तिथेच आवरली. झिका पुढे २०२४ मध्ये पुण्यात आलाच, तोही नेमका एरंडवण्यात, आजीच्या झोपडीच्या माळावर, पण ती वेगळी गोष्ट. बेलसरमध्ये तापातून वेगळा ताप निवडून काढला तो पहिला माणूस कोण, डॉक्टर होता का नर्स का कोणी आशाताई, मला खूप जाणून घ्यायचंय. चापेकरांचं स्मारक आहे आणि असायलाच हवं, पण या माणसाचं कोणी नावही घेत नाही.

गेल्या महिन्यात जेजुरीला गेलो होतो, नवीन सुनेला घेऊन, तर येताना मी मुद्दाम गाडी बेलसर फाट्याकडे घ्यायला लावली. अहो वैतागले, कपाळावर भंडारा, ऊन मरणाचं, आणि हिला गाव बघायचंय. काय बघणार होते मला पण माहीत नव्हतं. कडेला उसाचा रस आणि चहा असं एक दुकान होतं तिथे बसलो. चहावाल्या दादांना विचारलं, इथे झिका आला होता ना हो मागे? ते आधी गोंधळले, मग म्हणाले, "हां, ते डासाचं! आलं होतं की." मी विचारलं मग काय झालं. ते रसाच्या घाण्यात ऊस सारत म्हणाले, "काय न्हाई झालं. चार दिवस निस्त्या गाड्याच गाड्या, टीव्हीवाले, सायेब लोक, पुण्याचे मोठे डॉक्टर. लॉकडाऊनमधे सगळं बसलेलं, तेवढाच काय तो धंदा झाला बघा माझा."